ज्याच्यामुळं आपलं माणूस गेलं, त्याला भेटायचं असेल तर

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कुणाच्या घरात वाईट झालं की दिवसकार्य उरकायच्या आधीच कुणीतरी दारात येऊन म्हणतं, समोरची पार्टी यायला तयार आहे, एकदा बसून घेऊया. बसायचं म्हणजे गावातले पंच, भावकीतली चार मोठी माणसं, एखादा नेता, आणि कोपऱ्यात मान खाली घालून उभा असलेला तो पोरगा. रक्कम ठरते, बाँड पेपरवर सह्या होतात, आणि जिचा मुलगा गेलाय ती बाई आत चुलीजवळ बसलेली असते, तिला कुणी एक शब्द विचारत नाही. मी तालुक्यात लीगल सर्व्हिसेसची, म्हणजे लोकांना कायद्याची फुकट मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेची, पॅरा लीगल व्हॉलंटियर म्हणून काम करते, त्यामुळं अशा बैठका पुष्कळ बघितल्यात, आणि जिच्यावर बेतलं तिनं स्वतः ठरवून, सावकाश तयारी करून घेतलेली भेटसुद्धा बघितलीय. हे लिहायलेय ते त्या दुसऱ्या प्रकारच्या भेटीबद्दल, कारण हल्ली दोघा-तिघांनी मला विचारलं की हिंडलग्याच्या जेलात जाऊन त्याला भेटता येतं काय, आणि भेटावं काय.

जगात याला रिस्टोरेटिव्ह जस्टिस म्हणतात. सुरुवात म्हणून लोक कॅनडातल्या किचनर गावाकडची १९७४ सालची केस सांगतात. दोन पोरांनी दारू पिऊन एका रात्रीत २२ जणांच्या मालमत्तेची नासधूस केली, गाड्यांचे टायर फाडले, खिडक्या फोडल्या, आणि प्रोबेशन ऑफिसरनं जज्जसाहेबांना सुचवलं की ह्यांना त्या लोकांच्या दारात नेऊन उभं करूया. पोरं दारोदार गेली, ज्यांचं नुकसान केलं त्यांचं तोंडावर ऐकून घेतलं, आणि नंतर नुकसान भरून दिलं. न्यूझीलंडनं १९८९ मध्ये माओरी लोकांची कुटुंबानं एकत्र बसायची रीत अल्पवयीन मुलांच्या कायद्यातच आणली, बेल्जियमनं २००५ च्या कायद्यानं अगदी गंभीर गुन्ह्यातसुद्धा मध्यस्थामार्फत भेटायची सोय करून दिली. इंग्लंडमध्ये सरकारनं अभ्यास करून घेतला तेव्हा समोरासमोर भेटलेल्या पीडितांपैकी ८५ टक्के लोक समाधानी निघाले. आकडा मोठा आहे पण तो वाचताना एक ध्यानात ठेवा, ही सगळी माणसं आपल्या मर्जीनं आणि तयारी करून गेलेली होती, दारात पंच बसलेत म्हणून कुणी गेलं नव्हतं.

आपल्याकडं मोठ्या माणसांच्या गुन्ह्यांसाठी असा वेगळा कायदा नाही. म्हणून जे काय करायचं ते असलेल्या कायद्यात राहून, जपून करावं लागतं.

आधी एकट्यानं बसून ठरवायचं

कुणी विचारलं की भेटू काय, तर मी एकच प्रश्न परत विचारते, तुम्हाला त्याच्याकडनं असं काय पाहिजे जे दुसऱ्या कुणाकडं नाही? शिक्षा कोर्टाकडं आहे, पैसे विमा कंपनीकडं नाहीतर सरकारी योजनेत आहेत, आधार माहेरच्यांकडं, शेजाऱ्यांकडं आहे. पण शेवटच्या क्षणी काय झालं, का झालं, माझ्याच घरात का शिरला, ह्याचं उत्तर जगात त्या एकाच माणसाकडं असतं आणि कोर्टात ते कधी निघत नाही, कारण कोर्टात स्पीड किती होता, लाईट चालू होती की बंद, पंचनामा कुणी केला हे विचारतात. असा एखादा प्रश्न रात्री झोपू देत नसेल तर भेटीचा विचार करण्यात अर्थ आहे. किंवा तुम्हाला त्याला काहीतरी सांगायचंय, त्यानं आमच्या घराचं काय केलं हे त्यानं आमच्या तोंडून ऐकावं असं वाटतंय, तर तेही कारण खरं आहे.

त्यानं रडावं, गुडघ्यावर यावं, आणि ते बघून माझ्या छातीवरचा भार उतरावा म्हणून जात असाल तर थांबा. तो रडेल न रडेल, काही माणसं समोर आली की दगडासारखी बसतात आणि घरी जाऊन रडतात, आणि तुम्ही जे बघायला गेला ते दिसलं नाही की दुःख होतं त्यापेक्षा जास्त होतं. नवरा म्हणाला म्हणून, महाराजांनी प्रवचनात क्षमा कर म्हणून सांगितलं म्हणून, गावात दोन तट नकोत म्हणून जाऊ नका. घरात एकाला भेटायचंय आणि दुसऱ्याला नाव पण ऐकायचं नाही असं हमखास असतं, आई तयार आणि वडील रागात, तेव्हा ज्याला जायचंय त्यानं जावं, ज्याला नाही त्यानं घरी राहावं, आणि कुणी कुणाला तू आपल्या पोराला विसरलास असं म्हणू नये. लहान मुलांना नेऊ नका.

आणि आज हो म्हणून उद्या नाही म्हणायला लागलं तर नाही म्हणा. दारापर्यंत जाऊन परत फिरलात तरी चालतं, हे मधल्या माणसानं, म्हणजे भेट जुळवून देणाऱ्यानं, दोन्ही बाजूंना पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचं असतं.

ज्या केसमध्ये मी भेटू नका म्हणते

बलात्कार, विनयभंग, घरातली मारहाण, लहान मुलांवरचे अत्याचार. ह्यात कुणी भेटीचा निरोप घेऊन आलं, मग तो पंच असो, नातेवाईक असो नाहीतर पोलीस, तर दार लावून घ्या. २०२० मध्ये मध्य प्रदेश हायकोर्टानं विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना अट घातली होती की मिठाईचा डबा घेऊन त्या बाईच्या घरी जायचं, राखी बांधून घ्यायची आणि ओवाळणीचे ११,००० रुपये द्यायचे. सुप्रीम कोर्टानं १८ मार्च २०२१ ला ती अट रद्द केली आणि सगळ्या कोर्टांना बजावलं की जामिनाच्या अटीत आरोपी आणि पीडितेचा संपर्क घडवून आणायचा नाही, तडजोड सुचवायची नाही, लग्न कर म्हणायचं नाही. त्याआधी २०१५ मध्येही सुप्रीम कोर्टानं बलात्कारात तडजोड कुठल्याच परिस्थितीत चालत नाही म्हणून सांगितलंय. म्हणजे गावात कुणी समजूत घालायला आलं तर हे तोंडावर सांगा.

आता दुसरी राखी बघा. इंदूर भागात काम करणाऱ्या सिस्टर राणी मारिया ह्यांचा १९९५ मध्ये बसमधनं ओढून खून झाला. त्यांची सख्खी बहीण सिस्टर सेल्मी पॉल २००२ मध्ये तुरुंगात जाऊन मारेकरी समंदर सिंहला राखी बांधून आल्या. पुढं कुटुंबानं त्याच्या सुटकेसाठी प्रयत्न केले, २००६ मध्ये तो सुटला आणि नंतर केरळला जाऊन त्यांच्या आईवडिलांना भेटला. मधे सात वर्षं गेली होती, एक धर्मगुरू तुरुंगात त्याला भेटत राहिले होते, आणि राखी बांधायचं त्या बहिणीनं स्वतः ठरवलं होतं. दोरा तोच, पण पहिल्या केसमध्ये बाईवर तो लादला होता. तुमच्या बाबतीत कोण ठरवतंय हे बघा म्हणजे पुढचं पुष्कळ समजतं.

जातीवरून झालेल्या अत्याचारात पण मी सावध असते. समोरच्याच्या शेतात तुमची मजुरी आहे, पाण्याची वाट त्याच्या बांधावरनं आहे, तर त्या भेटीत तुम्ही मोकळेपणानं काय बोलणार. आणि तो अजून म्हणत असेल की मी काही केलंच नाही, तर भेट नकोच, केस कुठलीही असो. गुन्हा नाकारणाऱ्यासमोर बसणं म्हणजे परत एकदा खोटं ऐकून घेणं.

केस चालू असताना

इथं फार लोक फसतात म्हणून जरा सविस्तर लिहिते. केस कोर्टात असताना आरोपीला खासगीत भेटू नका. तुमच्याच घरातलं कुणीतरी साक्षीदार असतं आणि जामिनाच्या अटीत बहुतेक वेळा साक्षीदारांशी संपर्क नको असं असतं, म्हणजे तो भेटायला आला तर त्याचा जामीन अडचणीत येतो आणि तुमची साक्ष फिरवली असा आरोप व्हायला जागा मिळते. दुसरी गोष्ट त्याच्या बाजूची. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, पण तुमच्यासमोर होय माझ्याकडनं झालं म्हणाला तर ते पुराव्यात येऊ शकतं, म्हणून त्याचा वकील त्याला तोंड उघडू देणार नाही. मग तिथं तुम्हाला मिळतं काय तर वकिलानं पढवलेली दोन वाक्यं. निकाल लागेपर्यंत, जमलं तर अपिलाचं पण होईपर्यंत वाट बघा.

एक वाट कायद्यातच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्यातलं २३ वं प्रकरण प्ली बार्गेनिंगचं आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात आरोपी स्वतः अर्ज करून म्हणू शकतो की मला गुन्हा मान्य करायचाय, तो अर्ज चार्ज फ्रेम झाल्यापासून, म्हणजे कोर्टानं आरोप निश्चित केल्यापासून, ३० दिवसात करायचा, मग कोर्ट जास्तीत जास्त ६० दिवस देतं आणि सरकारी वकील, आरोपी आणि पीडित मिळून भरपाई वगैरेवर एकमत होतं काय बघतात. बायकांवरचे आणि लहान मुलांवरचे गुन्हे ह्यात येत नाहीत. निष्काळजीपणानं मृत्यू, नवीन न्याय संहितेचं कलम १०६, ह्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे म्हणजे ते ह्यात बसू शकतं. ह्या बैठकीत तुम्हाला बोलायचा हक्क आहे, तुमचा वकील बरोबर नेता येतो, आणि कुणावर जबरदस्ती होत नाही हे बघायची जबाबदारी कोर्टाची आहे.

आणि गावात बसून मिटवतो म्हणणाऱ्यांना एवढं सांगा की सगळे गुन्हे मिटत नाहीत. किरकोळ मारहाण, शिवीगाळ, बांधावरनं घुसणं असले गुन्हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ खाली मिटवता येतात, लोक अदालतीतही जातात. खून, दरोडा, बलात्कार नाही, सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये ग्यान सिंग केसमध्ये सांगितलंय की असल्या गंभीर गुन्ह्यात दोघांचं पटलं म्हणून हायकोर्टानंही केस रद्द करायची नाही. सीमेपलीकडं चंदगड, कागल भागात २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम आहे, आपले पाव्हणे तिकडचे असल्यानं आपल्याकडंही तसंच करूया म्हणतात, पण ती भांडणं गावात मिटवायची मोहीम आहे आणि माणूस गेलेल्या घरातल्या आईला काय विचारायचंय तो विषय तिच्यात येत नाही.

पैशाचं वेगळं ठेवा

भेटीच्या दिवशी पैशाचा शब्द निघता कामा नये. अपघाताची केस असेल तर मोटार अपघात क्लेम ट्रिब्युनलकडं अर्ज टाका, २०२२ पासून नियम असा आहे की अपघातापासून सहा महिन्यांच्या आत टाकायचा, दुःखात दिवस निघून जातात म्हणून नातेवाईकांपैकी एकानं हे काम अंगावर घ्यावं. गाडी सापडलीच नाही तर हिट अँड रनच्या योजनेत मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमेला पन्नास हजार आहेत. दुसऱ्या गुन्ह्यांसाठी कर्नाटक व्हिक्टिम कॉम्पेन्सेशन स्कीम आहे, २०११ ची, तिचा अर्ज डिस्ट्रिक्ट लीगल सर्व्हिसेस अथॉरिटीकडं करायचा, आरोपी सापडला नसला तरी करता येतो. आमची काही तक्रार नाही असं लिहिलेल्या बाँड पेपरवर अंगठा देऊ नका, कितीही जवळचा माणूस घेऊन आला तरी, नंतर क्लेममध्ये तोच कागद समोर येतो.

अजून एक, एफआयआरची कॉपी तक्रारदाराला आणि पीडिताला फुकट मिळायचा हक्क आहे आणि तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसात कळवायचं असतं. आपल्याकडं हे कागद कन्नडमध्ये येतात, घरातल्या शाळकरी पोराला वाचता येतं म्हणून त्याच्याकडनं वाचून घेतात, तसं करू नका, बापाच्या मरणाचा पंचनामा पोरानं मोठ्यानं वाचायचा काय. वकिलाकडनं नाहीतर आमच्यासारख्या व्हॉलंटियरकडनं मराठीत समजून घ्या. बायका, मुलं, एससी-एसटी ह्यांना वकील फुकट मिळतो, उत्पन्न बघत नाहीत.

भेट कशी जुळवायची

माणूस हिंडलगा सेंट्रल जेलमध्ये असेल तर सरळ मुलाखतीच्या रांगेत जाऊन उभं राहू नका. ती मुलाखत नातेवाईक, मित्र आणि वकिलांसाठी असते, बाजूला गर्दी, आवाज, त्यात असलं बोलणं होत नाही. आधी कोर्टाच्या आवारातल्या डिस्ट्रिक्ट लीगल सर्व्हिसेसच्या ऑफिसात जा, तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते तिथंही चालेल, आणि लेखी अर्ज द्या की मी ह्या केसमधल्या मयताची आई, बहीण जे काय आहे ते, मला कैद्याला भेटायचंय, उद्देश हा आहे, माझ्यावर कुणाचा दबाव नाही. तोच अर्ज जेल सुपरिंटेंडेंटना जातो. परवानगी देणं न देणं त्यांच्या हातात आहे, आणि कैद्याची स्वतःची तयारी लागते, त्याला बळंबळं आणून बसवता येत नाही. नाही म्हणाला तर तुमचा अपमान झाला असं धरू नका.

तो कशासाठी तयार झालाय हे मधल्या माणसानं त्याला एकट्याला विचारून घ्यायचं. पॅरोलच्या वेळी विरोध करू नयेत म्हणून, लवकर सुटका व्हावी म्हणून काहीजण तयार होतात. त्याला आधीच सांगायचं की ह्या भेटीतनं तुला कुठला दाखला, कुठली सही मिळणार नाही. ते ऐकून मागं हटला तर बरंच झालं. १९ मार्च २००८ ला प्रियांका गांधी वेल्लोरच्या तुरुंगात नलिनीला भेटल्या, वडिलांच्या खुनातल्या कैद्याला, बाहेर कळलं ते महिन्याभरानं, आणि नलिनी सुटली ती २०२२ मध्ये. भेट झाली म्हणून शिक्षेचं गणित बदललं नाही.

गुन्हा करणारा १८ च्या आतला असेल तर विषय जुवेनाईल जस्टिस बोर्डाकडं असतो. त्या कायद्यात मुलाला परत माणसात आणण्यावर भर आहे, समुपदेशन, समाजसेवा असले आदेश बोर्ड देऊ शकतं, तिथल्या प्रोबेशन ऑफिसरशी बोला. त्या पोराचं नाव-फोटो गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, कितीही राग आला तरी, त्याला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा नाहीतर दोन लाखांपर्यंत दंड आहे.

मधला माणूस कोण हे सगळ्यात महत्त्वाचं. पंच नको, भावकीतला नको, नेता तर अजिबात नको. तुमचाही नाही आणि त्याचाही नाही असा, ऐकून घेणारा, गप्प बसता येणारा माणूस पाहिजे, कौन्सिलर, रिटायर शिक्षिका, लीगल सर्व्हिसेसचा मेडिएटर, कुणीही. त्यानं दोघांना वेगवेगळं, निदान दोन-तीनदा भेटलंच पाहिजे. ज्यानं तुम्हाला एकदाही एकट्यानं गाठून विचारलं नाही आणि थेट तारीख सांगितली, त्याच्या भेटीला जाऊ नका.

आणि भाषेचं. आपण मराठी, समोरचा कन्नड, नाहीतर उलटं, हे आपल्या भागात चालायचंच. बाजारापुरतं कन्नड सगळ्यांना येतं पण लेकाच्या मरणाबद्दल बोलायला बाजाराची भाषा पुरत नाही. म्हणून दोन्ही भाषा पक्क्या येणारा वेगळा माणूस घ्या आणि त्याला बजावून ठेवा की तो "मी" म्हणाला की तुम्हीही "मी"च म्हणायचं, मऊ करायचं नाही, गाळायचं नाही. आई रागानं जे म्हणाली ते तसंच त्याच्यापर्यंत गेलं पाहिजे. तसंच, कुठल्याच संघटनेला, कुठल्याच स्थानिक चॅनलला ह्याचा वास लागू देऊ नका. इथं दोन माणसांचं दुःख मराठी-कन्नड व्हायला वेळ लागत नाही, मग तुमचा मुलगा बाजूला राहतो आणि दुसरेच लोक त्याच्या नावानं घोषणा द्यायला लागतात.

जागा देवळात धरू नका. आपल्याकडं लगेच भंडारा उचल म्हणतात, देवासमोर शपथ घे म्हणतात, मग भीतीनं बोलतो तो खरं काय नि खोटं काय. शाळेची खोली, लीगल सर्व्हिसेसची मेडिएशनची खोली, असलं काहीतरी. दाराजवळची खुर्ची तुमची, म्हणजे उठून जावंसं वाटलं तर त्याच्या समोरनं जावं लागणार नाही. मधे टेबल असावं. तो आधी आत बसलेला असावा की नंतर यावा हे तुम्ही ठरवा, काहीजणांना तो दारातनं आत येताना बघवत नाही. बरोबर एक जवळचं माणूस घ्या जे बोलणार नाही, नुसतं बाजूला बसेल.

प्रश्न कागदावर लिहून न्या. चार-पाच पुरे. पहिला असा ठेवा ज्याचं उत्तर हो-नाही किंवा एका वाक्यात येतं, तोंड उघडेपर्यंतच दोघांनाही जड जातं.

एक भेट

परवानगी घेऊन सांगतेय, ओळख पटेल असं सगळं काढून. ऊसाच्या सीझनमधली केस. रात्री रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर नव्हता, लाईट नव्हती, आणि कामावरनं बाईकनं परत येणारा पोरगा त्यात घुसला. ड्रायव्हर कन्नड बोलणारा, कोर्टात शिक्षा झाली, भोगून बाहेर आला. काकू म्हणाल्या मला त्याला एक विचारायचंय. नवऱ्यानं साफ नकार दिला, ते आलेच नाहीत, बहीण आली बरोबर.

काकूंच्या कागदावर पहिला प्रश्न होता, तू थांबलास की पळालास. ड्रायव्हर म्हणाला पळालो, अक्का. लोक मारतील म्हणून उसात शिरलो, आणि अँब्युलन्स येईपर्यंत तिथनंच बघत होतो. दुभाषी बाईंनी जसंच्या तसं सांगितलं. काकू पुष्कळ वेळ टेबलावरच्या कागदाकडं बघत बसल्या, मग दुसरा प्रश्न विचारला, त्यानं पाणी मागितलं काय. हे त्यांनी दोन वर्षं कुणाला विचारलेलं नव्हतं, पोलिसांना नाही, डॉक्टरला नाही, कारण तिथं कुणी असं विचारत नाही. तो म्हणाला, नाही, पहिल्यापासनं आवाजच आला नाही, मी पळायच्या आधी जवळ जाऊन हाक मारली होती, ओ नव्हती. हे खरं की खोटं हे आम्हा कुणालाच तपासता येणार नव्हतं, पण काकूंनी ते ऐकून घेतलं आणि बहिणीला म्हणाल्या, म्हणजे तहानलेला गेला नाही.

त्यानं हात जोडून माफी मागितली. काकू म्हणाल्या माफी मला जमणार नाही, ते मला विचारू नकोस. पण ट्रॉलीच्या मागं लाल पट्ट्या लावतोस काय, तुझ्याच नाही, तुमच्या टोळीतल्या सगळ्यांच्या. मधल्या माणसानं ते दोन्ही भाषांत लिहून घेतलं, किती ट्रॉल्या, कुठल्या तारखेच्या आत, फोटो कुणाला पाठवायचे. पुढच्या सीझनला फोटो आले. दोन ट्रॉल्या राहिल्या होत्या, त्यांचा मालक ऐकत नव्हता म्हणे, त्यासाठी मधल्या माणसाला परत फोन करायला लागला.

माफीचं

म्हणून सांगते, माफ करणं ही भेटीची अट नाही. भेटायला गेलात म्हणजे माफ केलं असं गाव धरतं, त्यांना धरू दे. ओडिशात १९९९ मध्ये ग्लॅडिस स्टेन्स ह्यांचा नवरा आणि दोन लहान मुलं जिवंत जाळली गेली, त्यांनी मारेकऱ्यांना माफ केल्याचं सांगितलं तरी खटला आपल्या वाटेनं चालला आणि शिक्षा झाली. म्हणजे माफी दिली तरी कायद्याचं काम थांबत नाही, आणि माफी नाही दिली तरी भेट वाया जात नाही. मधला माणूस जर सारखं सारखं मन मोठं करा म्हणायला लागला तर त्याला तिथंच थांबवा.

काहीतरी ठरलं तर ते मोजता येईल असं ठरवा. सुधारेन, दारू सोडेन असलं कागदावर घेऊ नका. अमुक तारखेपर्यंत अमुक काम, आणि झालं की नाही हे बघणारा माणूस तिसरा, तुम्ही नाही, नाहीतर आयुष्यभर त्याच्या फोनची वाट बघत बसाल.

समोर बसणं झेपणार नसेल तर चिठ्ठी लिहा. तुमचे प्रश्न मधला माणूस त्याला वाचून दाखवतो, उत्तरं लिहून आणतो, तुम्ही ती हवी तेव्हा उघडा नाहीतर उघडूच नका. बाहेरच्या देशात पण पुष्कळ केसमध्ये असंच करतात आणि काहीजणांना तेवढंच पुरतं.

नंतरचे दिवस

त्या दिवशी दुसरं कुठलंही काम ठेवू नका, कोर्टाची तारीख नको, बँक नको. परत जाताना एकट्यानं बसनं जाऊ नका. पहिल्या रात्री बरं वाटतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळं उसळून वर येतं असं पुष्कळजणींनी सांगितलंय, तेव्हा मधल्या माणसानं आठवड्याच्या आत घरी येऊन जायचं हे आधीच ठरवून घ्या. झोप गेली, जेवण तुटलं, तर सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचाराची ओपीडी आहे, तिकडं जायला लाजू नका. तो परत भेटू म्हणाला, घरी येतो म्हणाला, सणाला काही पाठवलं, तर लगेच हो म्हणू नका, मधल्या माणसाकरवीच कळवा. तुमचा फोन नंबर त्याला द्यायचा नाही आणि त्याचा घ्यायचा नाही. भेटीनंतर त्याच्याकडनं नाहीतर त्याच्या माणसांकडनं धमकी आली, साक्ष बदल म्हणून दबाव आला, तर तो वेगळा गुन्हा आहे, त्याच दिवशी पोलिसात लेखी द्या आणि त्याची कॉपी लीगल सर्व्हिसेसच्या ऑफिसात द्या.

कुठनं सुरुवात करायची कळत नसेल तर १५१०० ला फोन लावा, लीगल सर्व्हिसेसची फुकट हेल्पलाईन आहे, मराठीत बोलणारं माणूस पाहिजे म्हणून सांगा. जाताना एफआयआरची कॉपी, केस नंबर आणि आधार कार्ड बरोबर असू दे, आणि ते प्रश्न लिहिलेला कागद अर्जाला जोडू नका, तो तुमच्याचजवळ ठेवा.